गिअर कोणी बदलायचा? जेबेल जैसच्या रस्त्यावरचा एक जुना वाद

हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी रास अल खैमाच्या जेबेल जैस रस्त्यावर गेलात, तर दुबई-शारजाहून आलेल्या स्पोर्ट्स कार एकामागून एक वर चढताना दिसतात. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी त्यांतले दोन प्रकार ओळखता येतात. एका गाडीचा आवाज चढत जातो, क्षणभर तुटतो आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू होतो. दुसरीचा आवाज तुटतच नाही. टप्-टप् करत पायऱ्या उतरावं तसा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो. पहिल्या गाडीत चालक क्लच दाबून हाताने गिअर बदलतो आहे. दुसरीत त्याने स्टीअरिंगमागची छोटी पट्टी, म्हणजे पॅडल, बोटाने ओढली आहे. (पायाखालचं ते पेडल आणि बोटांमागचं ते पॅडल, एवढा फरक या लेखापुरता लक्षात ठेवा.)

वरच्या पार्किंगमध्ये या दोन गटांचा वाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "क्लच नाही ती कसली स्पोर्ट्स कार?" दुसरा म्हणतो, "घड्याळ लाव, मग बोलू." तुम्हीही हा वाद कधीतरी ऐकला असेल, कदाचित घातलाही असेल.

माझं मत आधीच सांगतो. वेगाच्या मुद्द्यावर पॅडलवाले जिंकले आहेत आणि मॅन्युअलवाल्यांनी ते मोकळेपणाने मान्य करावं. पण रस्त्यावर चालवायच्या गाडीत वेग हा मुद्दाच नाही. गिअर निवडणं म्हणजे पुढच्या दहा सेकंदांचा अंदाज बांधणं. ही सवय टिकणार की जाणार, हा खरा प्रश्न आहे आणि तो स्पोर्ट्स कार नसलेल्या आपल्यासारख्यांनाही लागू आहे.

गिअर लागतोच कशाला?

पेट्रोल इंजिनाची एक अडचण आहे. ते शून्य फेऱ्यांपासून जोर देऊ शकत नाही आणि फार जास्त फेऱ्यांवर तग धरत नाही. त्याचा खरा दम मधल्या एका पट्ट्यात असतो. चाकांना मात्र उभ्या स्थितीपासून ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत कुठल्याही वेगाने फिरायचं असतं. या दोघांचा संसार जुळवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स.

सायकल चालवणाऱ्यांना हे पायांतूनच कळतं. 'यूएई टूर' या सायकल शर्यतीचा एक टप्पा अनेकदा याच जेबेल जैसवर संपतो. सुमारे २० किलोमीटरचा, सरासरी ५ टक्क्यांहून थोडा जास्त चढ. तिथे सायकलपटू पायांच्या फेऱ्या जवळपास सारख्या ठेवतात आणि चढ बदलेल तसा गिअर बदलतात. इंजिनालाही हेच हवं असतं.

मॅन्युअल गाडीत हे काम तुम्ही करता. क्लच दाबलात की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची ताटातूट होते. दांडा सरकवला की आधीची जोडी सुटते आणि नवी जुळते. जुळण्याआधी दोन्ही भागांचे फेरे सारखे व्हावे लागतात. ते काम सिंक्रोनायझर नावाची शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने करते. मग क्लच सोडला की पुन्हा संसार सुरू. सराईत हातालाही यात अर्धा सेकंद सहज जातो आणि तेवढा वेळ चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही. मघाशी आवाज तुटला तो इथेच.

पॅडल कुठून आलं?

स्टीअरिंगवरून हात फार दूर न नेता गिअर बदलणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबालाच असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाल्या, पण त्या दांड्याची 'खडाक्' ज्यांनी ऐकली आहे ते ती विसरणार नाहीत. क्लच मात्र तिथे पायाखाली होताच.

क्लच न दाबता गिअर बदलण्याचं शर्यतीतलं मोठं पाऊल फेरारीने १९८९ च्या फॉर्म्युला वन हंगामात टाकलं. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने '६४०' या गाडीत गिअरचा दांडाच काढून टाकला. दांडा आणि त्याची जोडणी गेल्याने चालकाच्या बैठकीची जागा अरुंद ठेवता आली आणि हात स्टीअरिंगवरून हलायचं कारण उरलं नाही. सरावात ही गाडी इतकी बंद पडायची की पहिल्या शर्यतीत ती शेवटपर्यंत टिकेल, असं कोणालाच वाटत नव्हतं. पण ब्राझीलमधली ती पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने जिंकली. पुढे त्या हंगामात गाडी वारंवार बिघडली, तरी जेव्हा टिकली तेव्हा तिने एकूण ३ शर्यती जिंकल्या. काही वर्षांतच सगळ्या फॉर्म्युला वन गाड्यांतून दांडा नाहीसा झाला. १९९७ मध्ये फेरारीने 'एफ३५५' या रस्त्यावरच्या गाडीत पॅडल आणलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पॅडल म्हणजे गिअरबॉक्स नव्हे. पॅडल हे फक्त बटण आहे. त्याच्यामागे निदान तीन वेगवेगळी यंत्रं असू शकतात.

पहिलं यंत्र म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि दांडा हलवण्याचं काम हायड्रॉलिक हात करतात. 'एफ३५५' मध्ये हेच होतं. आणि गंमत पाहा, भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर लोकप्रिय झालेला 'एएमटी' हाही याच कल्पनेचा, आणि तोही मॅग्नेटी मारेली या त्याच इटालियन कंपनीचा. सांगलीतले तुमचे काका एएमटी गाडी चालवत असतील, तर त्यांना जरूर सांगा की त्यांचा गिअरबॉक्स फेरारीच्या भावकीतला आहे. गिअर बदलताना मान पुढे का झुकते, याचं उत्तरही त्यातच आहे: क्लच एकच, त्यामुळे जोर तुटतोच.

दुसरं यंत्र म्हणजे दोन क्लचवालं. हे समजून घ्यायला पंगत आठवा. एकच वाढपी असेल, तर भात वाढून झाल्यावर तो आत जाणार, वरणाचं भांडं घेऊन येणार, तोवर पान थांबलेलं. दोन वाढपी असतील, तर पहिला भात वाढत असतानाच दुसरा वरण घेऊन त्याच्यामागे उभा. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये १, ३, ५ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर असतात. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच जुळवून तयार असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो. सेकंदाच्या काही शतांश भागात काम फत्ते, आणि जोर तुटतच नाही. पोर्शने १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत हे यंत्र वापरलं. २००३ मध्ये ते फोक्सवॅगन गोल्फमधून सर्वसामान्यांच्या रस्त्यावर आलं आणि २००८ मध्ये पोर्श ९११ मध्ये.

तिसरं यंत्र म्हणजे नेहमीचा ऑटोमॅटिक, ज्यात क्लचऐवजी तेलातून जोर पुढे जातो. यूएईतल्या कित्येक मोठ्या एसयूव्हींच्या स्टीअरिंगमागे पॅडल असतं ते याच यंत्राचं. तुमच्या गाडीलाही ते असण्याची बरीच शक्यता आहे आणि तुम्ही ते कधीच वापरलं नसण्याचीही.

घड्याळ काय सांगतं?

वादात मतांपेक्षा आकडे बरे. २०२१ मध्ये आलेली पोर्श ९११ जीटी३ दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळत होती. इंजिन एकच, ५१० अश्वशक्तीचं, ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला पॅडलवालीला ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलला ३.९. वजनात मॅन्युअल हलकी, १,४१८ किलो विरुद्ध १,४३५. सर्वोच्च वेगात तर मॅन्युअल किंचित पुढे, ३२० विरुद्ध ३१८. पण शर्यत जिंकून देतो तो अर्धा सेकंद, आणि तो पॅडलच्या बाजूला आहे.

शिवाय पॅडलवाला गिअरबॉक्स चूक करू देत नाही. मॅन्युअलमध्ये पाचव्यातून चौथ्यात जाताना हात घसरून दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि काही क्षणांत लाखोंचा चुराडा होतो. पॅडलच्या मागचा संगणक असा हुकूम सरळ नाकारतो. म्हणजे वेग, सातत्य आणि इंजिनाची सुरक्षितता या तिन्ही बाबतींत निकाल लागलेला आहे.

मग एक विचित्र गोष्ट घडली. २०१३ मध्ये पोर्शने जीटी३ फक्त पॅडलमध्येच आणली. चाहत्यांनी इतकी कुरकुर केली की २०१६ मध्ये '९११ आर' ही फक्त मॅन्युअल असलेली गाडी मोजक्या संख्येत काढावी लागली, आणि २०१७ पासून जीटी३ मध्येही मॅन्युअलचा पर्याय परतला. टोयोटाने २०१९ मध्ये नवी सुप्रा फक्त ऑटोमॅटिक आणली. २०२२ मध्ये तिलाही मॅन्युअल द्यावा लागला. उलट फेरारी आणि लॅम्बोर्गिनी यांनी मागच्या दशकाच्या पूर्वार्धातच मॅन्युअल बंद केला होता. म्हणजे उद्योगातही एकमत नाही.

महागड्या गाडीलाच मॅन्युअल का शोभतो

इथे माझं मत अनेकांना उलटं वाटेल. मला वाटतं, रोजच्या साध्या गाडीला ऑटोमॅटिक हवा आणि मॅन्युअल हवा तो पाचशे अश्वशक्तीच्या स्पोर्ट्स कारला.

दुबई-शारजाच्या संध्याकाळच्या गर्दीत तासभर डावा पाय क्लचवर नाचवण्यात कसलंही शौर्य नाही. गुडघेदुखी असणाऱ्याला किंवा पायाने अधू असणाऱ्याला ऑटोमॅटिकमुळे गाडी चालवता येते, ही फार मोठी गोष्ट आहे. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हा युक्तिवाद मी करणार नाही. तो वयाचा असतो, विज्ञानाचा नसतो.

पण स्पोर्ट्स कार कोणी दूध आणायला घेत नाही. ती चालवण्याच्या आनंदासाठी घेतली जाते. आणि गाडी जितकी वेगवान, तितका तिचा कमी भाग रस्त्यावर वापरता येतो. जेबेल जैसच्या वळणांवर वेगमर्यादा पाळायची, तर जीटी३ चा दुसरा गिअरसुद्धा पुरा वापरता येत नाही. तिथे ०.५ सेकंद वाचवून कोणाला द्यायचे आहेत? अबू धाबीच्या यास मरिना सर्किटवर घड्याळ लावून फेरी मारायची असेल तर पॅडल घ्या, त्यात दुमत नाही. सार्वजनिक रस्त्यावर मात्र त्या अर्ध्या सेकंदाची किंमत शून्य आहे, आणि त्याच्या बदल्यात चालकाच्या हातचं काम गेलेलं असतं.

हे काम किती आहे ते पाहा. समजा, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० फेऱ्यांवर वळणाकडे येत आहात आणि दुसरा टाकायचा आहे. तिसऱ्या-दुसऱ्याचं प्रमाण १.४ असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन ५,६०० फेऱ्यांवर हवं. क्लच सोडण्याआधी, उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून, त्याच पायाच्या कडेने ऍक्सिलरेटरला टिचकी मारून इंजिन तिथवर न्यावं लागतं. जमलं तर गाडीला गिअर बदलल्याचं कळतही नाही. नाही जमलं तर झटका बसतो. म्हणजे तुमचा पाय एक गुणाकार करतो आणि त्याचं उत्तर बरोबर की चूक ते तुमच्या पाठीला लगेच कळतं. तबला शिकणाऱ्याला मात्रा चुकल्याचं जसं कळतं, तसंच. हा आनंद मोजायचं यंत्र नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

अर्थात पॅडलवालाही स्वतः गिअर निवडत असेल, तर यातला बराच आनंद त्याला मिळतो. मॅन्युअल अंदाज बांधायची सक्ती करतो, पॅडल परवानगी देतं आणि 'डी' विसरू देतो. माझी तक्रार आहे ती तिसऱ्याबद्दल: पॅडल असलेली गाडी घ्यायची आणि ती वर्षानुवर्षं 'डी' मध्येच हाकायची.

उतारावरचं गणित

इथवर गोष्ट हौसेची होती. जेबेल जैसवरून खाली येताना ती सुरक्षिततेची होते.

चालक-प्रवाशांसह १,५०० किलोची गाडी धरा आणि सुमारे १,००० मीटर उंची उतरायची आहे असं समजा. १,५०० × ९.८ × १,००० म्हणजे जवळपास १ कोटी ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे. एवढ्या उष्णतेत साधारण ५० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. २० किलोमीटरच्या उतारावर हवेचा आणि टायरचा विरोध यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग खाऊन टाकतो. उरलेला दोन तृतीयांश एकतर ब्रेकना उष्णता म्हणून घ्यावा लागतो किंवा इंजिनाला. २० मिनिटांत उतरलात, तर तो दर सुमारे ८ किलोवॉट होतो, म्हणजे बाथरूममधले २ किलोवॉटचे चार गीझर २० मिनिटं अखंड चालू.

गाडी वरच्या गिअरमध्ये असेल, तर हे चारही गीझर ब्रेकमध्ये तापतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. 'डॉट ४' प्रकारच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. पायथ्याशी येणारा तो जळका वास ही या प्रवासाची पहिली पायरी आहे.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर चाकं इंजिनाला जोरात फिरवतात. ऍक्सिलरेटर सोडलेलं इंजिन बंद झडपेतून हवा ओढायला धडपडतं आणि गाडीला मागे खेचतं. उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते आणि ब्रेक वळणासाठी थंड राहतात. वरंध किंवा आंबेनळी घाटात एसटीचा चालक हेच करतो. 'ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा' हा आपल्याकडचा जुना नियम शुद्ध भौतिकशास्त्र आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं मात्र अडाणीपणा आहे. आजच्या इंजिनात गिअर टाकून ऍक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं; न्यूट्रलमध्ये ते चालू राहतं.

नवे ऑटोमॅटिक उतार ओळखून काही प्रमाणात गिअर रोखतात, हे खरं. पण बहुतेक गाड्यांच्या संगणकाला पुढचं वळण दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. तिथे डाव्या पॅडलची दोन-तीन टिचक्या एवढीच तुमच्याकडून अपेक्षा आहे.

पुढे काय?

विजेच्या गाडीत हा सगळा वाद निकालात निघेल, असं वाटू शकतं. मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर देते, त्यामुळे बहुतेकींना एकच गिअर पुरतो. तरीही ह्युंदाईच्या 'आयोनिक ५ एन' मध्ये आठ खोटे गिअर आहेत, पॅडल ओढलं की खोटा झटकाही बसतो. मला हे थोडं हास्यास्पद वाटतं. पण इतर अनेक विजेच्या गाड्यांत तेच पॅडल, उतारावर मोटरने किती रोधायचं आणि बॅटरीत किती ऊर्जा परत घ्यायची, हे ठरवतं. हा उपयोग अस्सल आहे. क्लच गेला, गिअर गेला, तरी पुढचा उतार पाहून निर्णय घेणारं बोट उरलं.

शेवटी तुमच्या घरातल्या प्रश्नाबद्दल. यूएईत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. मॅन्युअलवर दिली तर दोन्ही चालवता येतात. ब्रिटनमध्येही तसंच. जर्मनीने १ एप्रिल २०२१ पासून मधला मार्ग काढला: परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण मॅन्युअलचे किमान १० धडे घ्या आणि शिक्षकाला चालवून दाखवा, की दोन्हीची मुभा. भारतात गिअरचा भेद दुचाकीच्या परवान्यात आहे, मोटारीच्या नाही.

मला जर्मन मार्ग सर्वांत शहाणा वाटतो. आपल्या इथे वाढलेल्या मुलामुलींना ऑटोमॅटिक परवाना सोपा, स्वस्त आणि रोजच्या वापराला पुरेसा आहे, हे मान्य. पण ती सुट्टीत गावी जातील तेव्हा आत्याच्या दारात उभी असलेली गाडी बहुधा मॅन्युअल असेल, आणि गावाच्या वाटेत घाट असेल. शक्य असेल तर त्यांना मॅन्युअलवर शिकवा. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल, तर निदान एका सकाळी जेबेल जैसला घेऊन जा, उतरताना गाडी 'डी' मधून काढायला लावा आणि प्रत्येक वळणाआधी विचारा: आता कोणता गिअर, आणि का? उत्तर देता आलं की पुढे ती कोणतीही गाडी घेवोत.